पायवाटेवरचा अर्धा तास

कुणी भाकरी थापत असेल, कुणी धार काढून नुकतीच टेकली असेल, कुणी गटाच्या बैठकीत रेडिओ मधोमध ठेवून ऐकत असेल. आज बोलायचं आहे ते पायवाटेवर धावण्याबद्दल. डांबरी सडक सोडा, शाळेचं मैदानही सोडा. माळावरची वाट, शिवारातली पाणंद, डोंगराच्या कडेनं गेलेली गुरांची वाट, तिथं धावण्याबद्दल. शहरातले लोक याला ट्रेल रनिंग म्हणतात आणि त्यासाठी सुट्टीच्या दिवशी गाड्या काढून सह्याद्रीत येतात. आपली वाट तर दाराबाहेरच सुरू होते.

हा विषय काढला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "अहो ताई, पहाटेपासून धावतोच आहोत की! पाणी, शेण, चूल, शेत, परत चूल. आता आणखी कुठं धावायचं?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. म्हणून आधी त्याचंच उत्तर बघू.

कष्ट आणि व्यायाम

खुरपायला बसलेल्या बाईकडं बघा. गुडघे दुमडलेले, कंबर वाकलेली, मान खाली, एकच हात चाललेला. असं चार-पाच तास. हाताला, कंबरेला ताण पडतो, पण श्वास खोल जात नाही. हृदयाला जोरानं काम करून मग निवांत होण्याची संधी मिळत नाही. डोक्यावर हंडा किंवा भारा असतो तेव्हा मान आणि पाठ आवळून धरावी लागते. अंग दुखतं म्हणून थांबू म्हटलं तर थांबता येत नाही, कारण मुकादम उभा असतो किंवा पाऊस यायच्या आत काम उरकायचं असतं.

व्यायामात तीन गोष्टी वेगळ्या असतात. एक, सगळं अंग एकत्र आणि मोकळं हलतं. दोन, वेग आपण ठरवतो. दमलो की चालायचं, बरं वाटलं की धावायचं. तीन, नंतर विसावा असतो आणि त्या विसाव्यातच स्नायू आणि हृदय बळकट होतात. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी कामगारांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना हेच दिसलं. फावल्या वेळात हालचाल करणाऱ्यांच्या हृदयाला फायदा होत होता, पण कामावरच्या जड कष्टांचा तसा फायदा दिसत नव्हता.

याचा अर्थ आपले कष्ट वाया जातात असा नाही. प्रत्येक हालचाल मोजली जाते असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. पण याचा आणखी एक अर्थ आहे, तो नीट ऐका. ज्या दिवशी आठ तास ऊसतोड झाली, कांदा भरला, मातीकाम केलं, त्या दिवशी धावायचं नाही. त्या दिवशी अंगाला पाणी, जेवण आणि झोप हवी. फार तर सांजच्याला रिकाम्या हातानं, पाठ सरळ ठेवून दहा-पंधरा मिनिटं चाला. धावायचं ते हलक्या कामाच्या दिवशी, सुगी संपल्यावर. शिलाई मशीनवर, दुकानात, अंगणवाडीत किंवा बचत गटाच्या हिशेबाला दिवसभर बसणाऱ्या मैत्रिणींना मात्र याची गरज जास्त आहे.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली जो सल्ला दिला, त्यानुसार मोठ्या माणसानं आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल करावी, म्हणजे भरभर चालण्यासारखी. धावण्यासारखी जोराची हालचाल असेल तर ७५ ते १५० मिनिटं पुरतात. आठवड्यातून तीन वेळा अर्धा तास पायवाटेवर चालत-धावत गेलो, तर या हिशेबाचा मोठा वाटा भरून निघतो.

वाट अंगाला काय देते

डांबरी रस्त्यावर प्रत्येक पाऊल सारखं पडतं. पायवाटेवर तसं नसतं. इथं दगड, तिथं मुरूम, पुढं ओढ्याचा उतार, मग चढ. घोटा प्रत्येक वेळी वेगळा वळतो, पोटाचे आणि कंबरेचे स्नायू तोल सांभाळायला जागे होतात. हा तोल म्हातारपणी फार कामाचा असतो. मोरीत पाय घसरून खुब्याचं हाड मोडलेल्या आजी आपण पाहिल्या आहेत. तोल आणि पायातली ताकद जितकी टिकवू, तितकं पडणं कमी होतं.

दुसरी गोष्ट हाडांची. पाळी गेल्यावर बाईची हाडं झपाट्यानं ठिसूळ होऊ लागतात. ज्यांची गर्भपिशवी काढताना अंडाशयंही काढली आहेत, त्यांना हा त्रास लवकर सुरू होतो. आपल्या पायांवर वजन घेऊन चालण्या-धावण्यानं हाडांना 'आमची गरज आहे' असा निरोप जातो आणि झीज मंदावते.

तिसरी गोष्ट साखरेची आणि रक्तदाबाची. पायांचे मोठे स्नायू चालू लागले की ते रक्तातली साखर ओढून घेतात. नियमित चालण्या-धावण्यानं रक्तदाब थोडा उतरतो, झोप गाढ लागते. मधुमेहाची किंवा रक्तदाबाची गोळी सुरू असेल तर ती मनानं बंद करायची नाही. फरक पडला का ते डॉक्टर तपासून ठरवतील.

मनाचं जातं

आता मनाकडं येऊ. जात्यात दाणे नसले तरी जातं फिरत राहावं, तसं कधी कधी डोकं फिरत राहतं. हप्ता कसा भरायचा, पोरीचं शिक्षण पुढं न्यायचं की नाही, नवरा पिऊन आला तर, सासू असं का बोलली. तोच विचार पुन्हा, पुन्हा. उत्तर मिळत नाही आणि दळण थांबत नाही. अशा दळणातून उदासी वाढते, झोप उडते, अंग दुखतं. दवाखान्यात सगळे रिपोर्ट चांगले येतात आणि बाई म्हणते, "पण मला बरं वाटत नाही."

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात २०१५ साली याच दळणावर एक छोटा अभ्यास झाला. ३८ जणांपैकी काहींना गवताळ, झाडांच्या माळावर ९० मिनिटं चालायला पाठवलं आणि बाकीच्यांना गाड्यांच्या वर्दळीच्या रस्त्याकडेनं. माळावरून आलेल्यांचं तेच ते विचार करणं कमी झालं होतं. मेंदूच्या ज्या भागाचा या विचारांशी संबंध आहे, तोही जरा शांत झालेला दिसला. रस्त्याकडेनं चाललेल्यांमध्ये हा फरक दिसला नाही. इंग्लंडमध्ये सुमारे २० हजार लोकांच्या माहितीवर झालेला एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. आठवड्यातून एकूण दोन तास झाडा-माळात घालवणारे लोक आपली तब्येत आणि मन बरं असल्याचं जास्त सांगत होते. ते दोन तास एकदम असोत की तुकड्यातुकड्यांनी, फरक पडत नव्हता.

पण आपण तर शेतातच असतो, मग आपल्याला हे का मिळत नाही? कारण शेतात आपली नजर तणावर, पिकावर, मजुरीवर असते. वाटेवरून धावताना नजर वर उठते. टिटवी ओरडते ते ऐकू येतं, घाणेरीचा वास येतो, पुढचं पाऊल कुठं टाकायचं एवढाच विचार उरतो. खडबडीत वाटेवर धावताना हप्त्याचा हिशेब करता येत नाही. ठेच लागेल. म्हणून जातं थोडा वेळ थांबतं.

शिवाय मेंदूचाही फायदा आहे. २०११ साली अमेरिकेत १२० वयस्कर माणसांवर झालेल्या अभ्यासात निम्म्या लोकांनी वर्षभर आठवड्यातून तीन दिवस ४० मिनिटांपर्यंत चालण्याचा व्यायाम केला. एरवी वयाबरोबर आक्रसत जाणारा, आठवण सांभाळणारा मेंदूचा भाग त्यांच्यात सुमारे दोन टक्क्यांनी वाढलेला दिसला.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. धावण्यानं कर्ज फिटत नाही आणि नवऱ्याची दारू सुटत नाही. त्यासाठी वेगळी लढाई करावी लागते. पण त्या लढाईला लागणारं डोकं आणि दम यातून मिळू शकतो. आणि दोन आठवड्यांहून जास्त दिवस मन उदास असेल, रडू येत असेल, काहीच करावंसं वाटत नसेल, तर नुसत्या धावण्यावर विसंबू नका. जगू नये असा विचार मनात आला तर दोन आठवडेही थांबू नका, त्याच दिवशी कुणाशी तरी बोला. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत फोनसेवा २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या नंबरवर दिवसरात्र कधीही फोन लावा, मराठीत बोलता येतं. आशाताईलाही सांगा. हा आजार आहे, त्यावर उपचार आहेत.

बायका धावत आल्या आहेत

"आपल्याकडं बायका कुठं धावतात?" असं कुणी म्हणेल. आषाढीच्या वारीत माळशिरसहून वेळापूरकडं जाताना धावा होतो, तो आठवा. पंढरी जवळ आली या आनंदात वारकरी उतारावरून पळत सुटतात. त्यात नऊवारीतल्या, डोक्यावर तुळस घेतलेल्या साठीच्या बायका असतात. त्यांना तेव्हा कुणी विचारत नाही, बाईमाणसानं का पळावं म्हणून. चैत्रात शिखर शिंगणापूरला मुंगी घाटातून कावडी चढतात. तो चढ बघितला की पायात किती बळ असतं ते कळतं.

आपल्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. ही अडथळ्यांची आणि पाण्यातून उडी मारून जायची शर्यत असते. १९८४ साली पी. टी. उषा ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत धावली होती, त्यानंतर ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीत तिथवर पोचलेली ही पहिली भारतीय बाई. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाडा या आदिवासी गावची कविता राऊत हिनं २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं कांस्यपदक आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवलं. आणि बारामतीच्या लता करे मावशी. नवऱ्याच्या उपचारासाठी पैसे हवे होते म्हणून त्या नऊवारी नेसून, अनवाणी शर्यतीत उतरल्या आणि जिंकल्या. त्यांच्यावर सिनेमाही निघाला.

आता जरा लांबचं. मेक्सिको देशाच्या डोंगरात रारामुरी नावाचे आदिवासी राहतात. त्यांच्यातली लोरेना रामिरेझ ही शेळ्या-गुरं राखणारी मुलगी. २०१७ साली, २२ वर्षांची असताना, ती ५० किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत आपल्या रोजच्या घेरदार घागऱ्यात आणि टायरच्या रबराच्या चपला घालून उतरली. शर्यतीत ती बायकांमध्ये पहिली आली. आपल्याकडंही टायरच्या चपला घालून माळ तुडवणाऱ्या बाया आहेत. तिचा दम शेळ्यांमागं चालून तयार झाला होता.

आपल्याला शर्यत जिंकायची नाही. पण साडी, वय, गरिबी ही धावण्याच्या आड येतेच असं नाही, एवढं यातून दिसतं.

आधी तपासणी

सुरू करण्याआधी एकदा प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा उपकेंद्रात जाऊन या. पहिलं, रक्त तपासा. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांमध्ये रक्त कमी असल्याचं दिसलं. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर ते कमी समजतात. कमी रक्तावर धावलात तर धाप लागेल, चक्कर येईल आणि तुम्ही म्हणाल, मला हे जमतच नाही. दोष तुमचा नसतो, रक्तात लोह नसतं. लोहाच्या गोळ्या घ्या, जेवणात लिंबू पिळा आणि गोळीच्या किंवा जेवणाच्या आगेमागे तासभर चहा घेऊ नका. तोवर सपाट वाटेवर फक्त चाला. दुसरं, रक्तदाब आणि साखर बघून घ्या.

बाळंतपणानंतर किमान तीन महिने धावायचं नाही. सिझेरियन किंवा पोटाचं मोठं ऑपरेशन झालं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. चालताना छातीत दुखत असेल, कळ हातात किंवा जबड्यात जात असेल, तर आधी दवाखाना. गुडघा सुजलेला असेल तर सूज उतरेपर्यंत थांबा. गरोदर मैत्रिणींनी नव्यानं धावायला सुरुवात करू नये. चालणं चांगलं, तेही नर्सताईंना विचारून.

बायका हळू आवाजात आणखी एक विचारतात. "धावल्यानं गर्भपिशवी खाली येते का?" गर्भपिशवी स्नायूंनी आणि बंधांनी धरलेली असते. ते सैल पडायची मोठी कारणं म्हणजे वारंवार बाळंतपणं, ओली बाळंतीण असताना उचललेलं जड ओझं, जुना खोकला आणि शौचाला कुंथणं. पण अंग बाहेर येत असेल, खाली जड वाटत असेल, किंवा खोकताना-धावताना लघवी सुटत असेल, तर धावू नका. आधी डॉक्टरीणबाईंना दाखवा. त्यात लाजण्यासारखं काही नाही, कितीतरी बायकांना हा त्रास असतो. लघवी रोखताना जे स्नायू आपण आवळतो, तेच स्नायू एरवी बसल्या बसल्या आवळायचे, पाच आकडे मोजायचे, सोडायचे. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. याचा गुण यायला दोन-तीन महिने लागतात.

पाळीच्या दिवसात धावलं तर चालतं का? चालतं. बरं वाटत असेल तर धावा, पोटात दुखत असेल तर विसावा घ्या.

सुरुवात कशी करायची

आठवड्यातून तीन दिवस ठरवा, मध्ये एक-एक दिवस सुट्टीचा. पहिले दोन आठवडे फक्त चालायचं. पाच मिनिटं हळू, वीस मिनिटं भरभर, पाच मिनिटं पुन्हा हळू. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात भरभर चालण्याच्या वेळात एक मिनिट हळू धावा, तीन मिनिटं चाला, असं पाच वेळा. पाचव्या-सहाव्या आठवड्यात दोन मिनिटं धावणं, दोन मिनिटं चालणं. सातव्या-आठव्यात चार मिनिटं धावणं, दोन मिनिटं चालणं. घड्याळ नसलं तरी अडत नाही. या बाभळीपासून त्या बांधापर्यंत धावायचं आणि तिथून विहिरीपर्यंत चालायचं, असं मोजा. एखादा आठवडा जड गेला तर तोच पुन्हा करा.

वेग किती हवा? शेजारणीशी बोलता आलं पाहिजे, एवढाच. दोन वाक्यं बोलतानाही दम लागत असेल तर वेग जास्त आहे. गाणं म्हणता येत असेल तर थोडा वाढवा.

वाटेवर धावायची थोडी युक्ती असते. नजर पायाच्या बोटांवर ठेवू नका, आठ-दहा फूट पुढं ठेवा, म्हणजे दगड आधीच दिसतो. पावलं लहान टाका. चढ आला की सरळ चाला. डोंगरात धावणारे सराईत लोकही चढावर चालतात. उतारावर मागं झुकून टाचा आपटू नका. गुडघे थोडे वाकवून, हात मोकळे ठेवून लहान पावलांनी उतरा. ओल्या दगडावर आणि शेवाळावर धावायचंच नाही.

कपड्यांचं म्हणाल तर ज्यात पाय मोकळा उचलता येईल ते घाला. सलवार-कमीज बरी, ओढणी कमरेला घट्ट बांधून. नऊवारी कासोट्यामुळं सोयीची, पाचवारी असेल तर घोट्याच्या वर खोचून घ्या. आत घट्ट बसणारी ब्रा घाला, नाहीतर छाती दुखते. पायात पट्ट्याचा, तळ खडबडीत असलेला बूट असावा. साधा कॅनव्हासचा चालेल. नुसती स्लिपर नको, ती निसटते आणि घोटा मुरगळतो. मधुमेह असणाऱ्यांनी अनवाणी मुळीच जायचं नाही. पायाला जखम झालेली कळत नाही.

रिकाम्या पोटी निघत असाल तर दोन खजूर किंवा गूळ-शेंगदाण्याचा एखादा लाडू खाऊन निघा. आल्यावर पाणी प्या, मग भाकरी आणि मटकीची उसळ, पिठलं, ताक. घरच्यांना वाढून उरलेलं खायचं, ही सवय धावणाऱ्या बाईला परवडत नाही. अंगातून काढून घेतलं तर अंगाला द्यावंही लागतं.

वाटेवरची काळजी

एकटीनं जायचं नाही. किमान तिघी हव्यात. एकीला काही झालं तर एक तिच्याजवळ थांबते, दुसरी मदत आणते. निघताना घरी किंवा गटात वाट सांगून जा. एक फोन बरोबर असू द्या.

फटफटीत उजाडल्यावर निघा आणि अंधार पडायच्या आत परत या. साप आणि बिबट्या दोन्हींसाठी हे बरं. उसाच्या फडालगतची वाट टाळा. बोलत, आवाज करत चला, म्हणजे जनावर बाजूला होतं. उंच गवतात पाय घालू नका. साप चावलाच तर जखम कापायची नाही, चोखायची नाही, वर दोरी आवळायची नाही, मांत्रिकाकडं न्यायचं नाही. बाईला चालवू नका, पाय हलू देऊ नका. १०८ ला फोन करा आणि सरकारी दवाखाना गाठा. सापाच्या विषावरची लस तिथं मोफत मिळते.

कुत्रं अंगावर आलं तर पळू नका, थांबा, नजर न भिडवता हळूहळू मागं सरका. कुत्रं चावलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा.

आपल्या दुष्काळी भागात मार्च ते मे ऊन फार. तेव्हा सकाळी आठच्या आत घरी या. डोकं दुखू लागलं, मळमळलं, चक्कर आली तर लगेच सावलीत बसा, पाणी, मीठ-साखरेचं लिंबू सरबत घ्या, अंगावर ओलं फडकं फिरवा. बाई असंबद्ध बोलू लागली किंवा शुद्ध हरपली तर तोंडात काही घालू नका, अंगावर पाणी मारत १०८ ला बोलवा. पावसाळ्यात वीज कडाडत असेल तर माळावर जायचं नाही आणि झाडाखाली तर मुळीच थांबायचं नाही.

अर्धा तास कुणाचा?

हे सगळं ऐकून तुम्ही म्हणाल, ताई, पटलं, पण वेळ? खरी अडचण इथंच आहे. बूट मिळतील, वाट आहेच. मिळत नाही तो अर्धा तास. बाई पाण्याला गेली, सरपणाला गेली, देवाला गेली तर कुणी काही म्हणत नाही. ती नुसती स्वतःसाठी बाहेर पडली की चार डोळे वळतात. "घरात काम नाही वाटतं हिला." म्हणून एकटीनं घरात वाद घालत बसण्यापेक्षा हा विषय गटात आणा.

पुढच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की दहा मिनिटं यासाठी ठेवा. चार गोष्टी ठरवा. कोणते तीन दिवस. कोणती वाट. त्या वेळात कुणाची लहान मुलं कोण सांभाळणार, त्याची पाळी लावा. ज्या आजींना धावायचं नाही, त्यांना हे काम आवडेल. आणि चौथी गोष्ट, त्या तीन दिवशी सकाळचा चहा घरातलं दुसरं कोण करणार. नवरा, दीर, मोठा मुलगा, कुणीही. ही गोष्ट गटाचा निर्णय म्हणून घरी सांगा. बचत सुरू करताना "बायकांना पैशातलं काय कळतं" म्हणणारे होतेच. गट टिकला तसे ते गप्प झाले. इथंही तसंच होईल. पहिले पंधरा दिवस लोक बघतील, महिन्यानं बघायचे थांबतील, आणि मग एखादी सून हळूच विचारेल, "मी येऊ का?"

एकल मैत्रिणींना, विधवा बहिणींना मुद्दाम बोलवा. त्यांना घराबाहेर पडायला निमित्त लागतं आणि ते कमी मिळतं. वयात आलेल्या मुलींनाही बरोबर घ्या. आई धावताना दिसली तर मुलीला ते वेगळं सांगावं लागत नाही.

ज्यांना धावता येत नाही, त्यांनी चालावं. ज्यांना चालणं जड जातं, त्यांनी वाटेच्या तोंडाशी लिंबाखाली बसावं, पोरं सांभाळावीत, बाकीच्या येईपर्यंत मोकळ्या हवेत श्वास घ्यावा. वाट सगळ्यांची आहे.

तुमच्या गटानं दिवस ठरवले की आपल्या केंद्रावर कळवा. वाटेचं नाव सांगा, किती जणी निघालात ते सांगा, अडचण आली तर तीही सांगा. पुढच्या भागात तुमच्या प्रश्नांची उत्तरं आरोग्य केंद्रातल्या नर्सताईंकडून घेऊ. तोवर रक्त तपासून या आणि बूट असतील तर बाहेर काढून उन्हात ठेवा. येते मी. रामराम!